‘कोसला’ शिकवताना : आधी पुस्तक, मग नोट्स

वाचकाचे पत्र

आदरणीय सर, स. न. वि. वि.

मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी एम.ए.च्या वर्गाला तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. या सत्रात कादंबरीच्या अभ्यासपत्रिकेला भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आहे. वर्गात पस्तीस-चाळीस विद्यार्थी असतात, त्यांपैकी आठ-दहा जणांकडे पुस्तक आहे आणि बाकीच्यांकडे मोबाइलवर फिरणारी प्रश्नोत्तरांची पीडीएफ. ‘यात काही घडतच नाही’ अशी बहुतेकांची तक्रार असते. एका विद्यार्थ्याने तर उभे राहून विचारले, ‘बापाच्या पैशावर पुण्यात राहून काहीच न करणाऱ्या मुलाचे दुःख आम्ही का वाचायचे? तेवढे पैसे आम्हाला मिळाले असते तर आम्ही अधिकारी झालो असतो.’ मला त्याला उत्तर देता आले नाही. विभागातील ज्येष्ठ सहकारी सांगतात की अस्तित्ववाद (जगण्याचा अर्थ माणसाने स्वतःच शोधायचा असतो हा विचार), परात्मता (समाजापासून आणि स्वतःपासून तुटल्याची जाणीव) आणि देशीवाद (साहित्य आपल्या मातीतल्या परंपरेतून घडावे ही भूमिका) यांवर नोट्स लिहून द्या, परीक्षेला तेच येते. शिवाय कथानायक पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचा भाग मी सोडून द्यावा का, असा प्रश्न मला पडला आहे. कारण वर्गातील एका विद्यार्थिनीची धाकटी बहीण गेल्याच वर्षी वारली.

– एक प्राध्यापिका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सहकाऱ्यांचा सल्ला मनापासून दिलेला आहे आणि परीक्षेपुरता तो खोटाही नाही. तरीही माझे सांगणे असे आहे की, निदान पहिले तीन आठवडे नोट्सचा एक शब्दही लिहून देऊ नये आणि पुस्तक हातात घेऊन वर्गात मोठ्याने वाचावे. पदव्युत्तर वर्गात वाचून काय दाखवायचे, हे शाळेत शोभते, असे कोणी म्हणेल. पण ज्या वर्गात तीन-चतुर्थांश मुलांकडे पुस्तकच नाही तेथे कादंबरीचा मजकूर दुसऱ्या कोणत्या वाटेने पोचणार आहे? हिशेब करून पाहा. तीनशेच्या आसपास पानांचे पुस्तक, एक पान सावकाश वाचायला दोन-अडीच मिनिटे, म्हणजे संपूर्ण ‘कोसला’ दहा-बारा तासांत वाचून होते. चार श्रेयांकांच्या अभ्यासपत्रिकेला साठ तास मिळतात. त्यात दुसरी एखादी कादंबरी आणि वाङ्मयप्रकाराची तात्त्विक बाजू धरली तरी या पुस्तकाच्या वाट्याला वीस-बावीस तास सहज येतात. त्यातील पाच तास निव्वळ वाचनाला दिले तर पुस्तकाचा निदान तिसरा हिस्सा सगळ्यांच्या कानांवरून जातो. उरलेला भाग वाचण्याची ओढ त्यातूनच लागते. ती पीडीएफ वाचून कोणालाही लागलेली नाही. दरम्यान ग्रंथपालांना भेटून चार-पाच प्रती मागवून घ्या आणि चार-पाच जणांत मिळून एक प्रत अशी वाटणी करून द्या.

पहिल्या तासाला लेखकाचा परिचय, पुरस्कार, साठोत्तरी साहित्याची पार्श्वभूमी यांपैकी काहीही नको. पहिले वाक्य वाचा : ‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ मग त्यातील ‘उदाहरणार्थ’ काढून टाकून तेच वाक्य पुन्हा वाचा आणि मुलांना फक्त एवढेच विचारा की, दुसऱ्या वेळी वाचताना बोलणारा माणूस बदलला का? मुले हसतील आणि बोलू लागतील. कोणी म्हणेल की हा आपल्याला टाळतो आहे, कोणी म्हणेल की याला स्वतःच्या वयाचीही खात्री वाटत नाही, कोणी म्हणेल की हा भाषण करणाऱ्यांची नक्कल करतो आहे. यातले कोणतेही उत्तर लगेच बरोबर किंवा चूक ठरवू नका. ही सगळी उत्तरे फळ्यावर लिहून ठेवली तर पुढचे चार-पाच तास त्यांचीच तपासणी करण्यात जातील, आणि निवेदनाविषयी तुम्हाला जे शिकवायचे आहे ते मुलांच्या तोंडून बाहेर पडेल.

‘काही घडत नाही’ ही तक्रार मात्र झटकून टाकू नका. ती प्रामाणिक आहे आणि या कादंबरीच्या घडणीविषयीचे सर्वांत उपयोगी निरीक्षण तिच्यातच दडलेले आहे. एक तास देऊन घटनांची यादीच वर्गाकडून करून घ्या. गावातले बालपण, वडिलांचा धाक, आईचे घरातले हाल, पुण्याला जाणे, वसतिगृह, मित्र, मेसचा कारभार आणि त्यातल्या पैशांचा घोळ, परीक्षा, बहिणीचा मृत्यू, गावी परतणे : फळा भरून जाईल. मग प्रश्न असा विचारा की, इतके घडूनही ‘काही घडत नाही’ असे तुम्हाला का वाटले? घटना आहेत, पण एका घटनेने दुसरीला जन्म द्यावा, गुंतागुंत वाढावी, उत्कर्षबिंदू यावा आणि गाठ सुटावी ही जी साखळी ना. सी. फडक्यांनी कादंबरीच्या तंत्राचा भाग म्हणून मराठी वाचकांच्या अंगवळणी पाडली होती, ती येथे जाणूनबुजून तोडलेली आहे. १९६३ साली हे पुस्तक आले तेव्हा अनेक जाणकार वाचकांनाही ही अडचण आलीच होती. म्हणजे तुमचे विद्यार्थी मागे पडलेले नाहीत; कादंबरीने ज्या अपेक्षेला छेद दिला तीच अपेक्षा घेऊन ते वर्गात बसलेले आहेत. हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगा, कारण आपल्याला साहित्य कळत नाही अशी समजूत करून घेतलेली मुले गाईडकडे वळतात. याच ठिकाणी रोजनिशीच्या रूपातला भाग आणि भविष्यातले इतिहाससंशोधक आपल्या काळाचा अर्थ लावत आहेत अशी बतावणी करणारा भाग शेजारी शेजारी ठेवून वाचता येईल. एकाच पुस्तकात लिहिण्याच्या इतक्या तऱ्हा कशासाठी, हा प्रश्न मग आपोआप उभा राहतो.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या मते तुमच्या वर्गात या सत्रात निघालेला तो सर्वांत चांगला प्रश्न आहे. तुम्हाला उत्तर देता आले नाही याची खंत वाटते, पण तेथे शिक्षकाने झटपट उत्तर देऊन तो मिटवला असता तर नुकसान झाले असते. परभणीकडची किती मुले आज पुण्यात स्पर्धा परीक्षांसाठी खोल्या घेऊन राहतात, अभ्यासिकेत जागा धरतात, मेसचे डबे लावतात आणि महिन्याच्या शेवटी घरी फोन करताना आवाज कसा ठेवावा याचा विचार करतात, हे तुमच्या वर्गाला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गावातून पुण्याला गेलेला, घरून येणाऱ्या पैशांवर राहणारा, वडिलांच्या अपेक्षांना पुरा न पडलेला आणि शेवटी हाती काहीही न घेता गावी परतलेला मुलगा ही त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरातली गोष्ट आहे. त्यामुळे त्या विद्यार्थ्याला विचारा : पांडुरंगाला नेमक्या कोणत्या सवलती आहेत आणि त्या कोणत्या पानांवर दिसतात, ते काढून दाखव. वडील सधन शेतकरी आहेत, गावात त्यांचा शब्द चालतो, पैसे येत राहतात आणि परतायला घर शाबूत आहे. हे सगळे पुस्तकात लपवलेले नाही. मग दुसरे काम त्यालाच द्या. या सवलती पांडुरंगाला स्वतःला दिसतात का, दिसतात तेव्हा त्याच्या भाषेत काय फरक पडतो, आणि पैशांवरून वडिलांशी खटके उडतात तेव्हा वाचक म्हणून आपण कोणाच्या बाजूला जातो? मुलगा कदाचित शेवटी म्हणेल की मला वडिलांचेच पटते. म्हणू द्या. मजकुराचा आधार देऊन तसे म्हणणारा विद्यार्थी हा माझ्या लेखी ‘युगप्रवर्तक कादंबरी’ असे पाठ करून लिहिणाऱ्यापेक्षा किती तरी चांगला वाचक आहे.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती शिकवणाऱ्याने स्वतःहून पुढे आणली पाहिजे. ज्या १९६३ मध्ये ‘कोसला’ आली त्याच वर्षी दलित लेखक बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातली शीर्षककथा एका तासात वाचून होते. घर सोडून परक्या गावात खोली शोधणारा तरुण येथेही आहे. पण त्याला खोली मिळण्याआधी जात विचारली जाते आणि त्याचे सत्य उघडे पडते तेव्हा मार खावा लागतो. पांडुरंगाला कंटाळा करता येतो, सगळ्याकडे पाठ फिरवता येते, कारण त्याला कोणी बाहेर काढत नाही. ही तुलना ‘कोसला’ला कमी ठरवण्यासाठी करायची नाही. एकाच वर्षी मराठीत दोन तरुण आपापल्या निवेदनातून बोलू लागले आणि दोघांच्या एकटेपणाची कारणे इतकी वेगळी होती, हे त्या विद्यार्थ्याला कळले तर त्याच्या रागाला पाय रोवायला जागा मिळेल. अभ्यासक्रमात ही कथा नाही अशी अडचण सांगू नका. एक तास तुमच्या हातात आहे.

स्त्रियांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, पण तो प्रश्न निघेलच. बहुतांश अनुभव मुलांच्या वसतिगृहातला आहे, तेथे मुली दुरून दिसतात, आणि घरातल्या बायकांचे दुःख आपल्याला सगळे मुलाच्याच नजरेतून कळते. ही या निवेदनाची मर्यादा आहे, ती आहे तशी मान्य करावी आणि तिच्यावर एखादा निबंध मुलींकडून लिहून घ्यावा. त्यासाठी कथालेखिका कमल देसाई यांची एखादी कथा सोबत द्या.

मनीच्या मृत्यूविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्राचा तो भाग वाचताना मी थांबलो होतो. तो भाग सोडू नये. सोडला तर पुस्तकाचा उत्तरार्ध कळणारच नाही. त्याआधीचे पांडुरंगाचे वागणे हूडपणाचे, चेष्टेखोर, सगळ्यांची टर उडवणारे आहे. त्यानंतर तीच भाषा वापरली जाते पण तिच्यातली मजा निघून गेलेली असते. वाक्ये तुटक होतात. बहिणीच्या मरणाबरोबर तिच्यापुढची न जन्मलेली सगळी वंशावळही नाहीशी झाली, असा भयंकर विचार तो करतो, आणि त्या विचारात सांत्वन आहे की संताप आहे हे शेवटपर्यंत ठरत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांचा भागही याच्याशी जोडून वाचायला हवा.

पण कसा वाचायचा, हे महत्त्वाचे. त्या विद्यार्थिनीला आठवडाभर आधी एकटीला भेटा, वर्गाबाहेर, दोन मिनिटे. पुस्तकात लहान बहिणीचा मृत्यू आहे, अमुक दिवशी आपण तो वाचणार आहोत, तुला यायचे नसेल तर येऊ नकोस, हजेरीची काळजी करू नकोस, आणि मधूनच उठून जावेसे वाटले तर दाराजवळच्या बाकावर बस, इतकेच सांगा. तिच्या बहिणीविषयी तुम्ही होऊन काही विचारू नका. त्या दिवशीचे वाचन विद्यार्थ्याला न देता स्वतः करा आणि आवाजात अभिनय आणू नका. मजकूर इतका उघडा आहे की वाचणाऱ्याने त्यात भर घातली तर तो उणा होतो. वाचून झाल्यावर चर्चा नको. ‘तुम्हाला काय वाटले?’ हा प्रश्न तर मुळीच विचारू नका, कारण ज्याच्या घरी मरण झाले आहे त्याला तो चारचौघांत परीक्षेसारखा लागतो. तासाची दहा मिनिटे शिल्लक ठेवून वर्ग सोडा.

चर्चा पुढच्या तासाला करा, आणि तिची सुरुवात शक्य तितक्या बाहेरच्या बाजूने करा. उदाहरणार्थ, मनी देवीच्या रोगाने जाते. तुमच्या वर्गातील मुलांनी हा रोग पाहिलेला नाही. देशातले शेवटचे रुग्ण १९७५ साली सापडले आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे जाहीर झाले. त्यांच्या आजी-आजोबांच्या दंडावर मात्र देवी काढल्याचा गोल वण असतो. तो पाहून या, त्याविषयी घरी विचारून या, असे सांगा. राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला आणि त्यानंतर वर्षभरात ही कादंबरी आली. टाळता येण्याजोगे मरण होते हे ज्याला कळते आणि आजूबाजूची माणसे मात्र त्याला दैव म्हणून सोडून देतात, अशा माणसाचा राग त्या पानांवर आहे. ही माहिती हाताशी आली की मुले ‘दुःखद प्रसंग’ एवढ्यावर थांबत नाहीत. मग तुटक वाक्यांकडे, मध्ये मध्ये येणाऱ्या रोजच्या बारीकसारीक तपशिलांकडे, न लिहिलेल्या गोष्टींकडे त्यांचे लक्ष वेधता येते. आणि ती विद्यार्थिनी त्या तासाला आलीच, तर तिला रोगाविषयी, काळाविषयी, वाक्याविषयी बोलण्याची वाट मोकळी राहते; स्वतःविषयी बोलण्याची सक्ती होत नाही.

आता अस्तित्ववाद, परात्मता आणि देशीवाद. शेवटच्या पाच-सहा तासांत ते जरूर शिकवा, पदव्युत्तर विद्यार्थ्याला ही परिभाषा आलीच पाहिजे. मात्र दोन ठिकाणी सावध राहा. देशीवादाची मांडणी नेमाड्यांनी कादंबरीनंतर कितीतरी वर्षांनी केली. त्यांचे समीक्षालेखन ‘टीकास्वयंवर’मध्ये १९९० साली एकत्र आले, आणि ‘कोसला’ त्यांच्या पंचविशीतली आहे. पुढच्या वयातला विचार मागे नेऊन या पुस्तकावर बसवला तर पुस्तकातला संभ्रम, जो त्याचा प्राण आहे, तो पुसला जातो. त्यापेक्षा मध्ययुगीन वाङ्मयाच्या पत्रिकेत मुलांनी ‘लीळाचरित्र’ हा महानुभाव पंथाचा जुना मराठी गद्यग्रंथ वाचलेला असेल, तर त्यातली एखादी लहान लीळा, म्हणजे चक्रधरांची आठवण, घेऊन तिच्या छोट्या, बोलीच्या जवळच्या वाक्यांशेजारी ‘कोसला’तला एक परिच्छेद ठेवा. परंपरेशी नाते कशाला म्हणतात हे वाद न शिकवता दिसेल. दुसरी सावधगिरी लेखकाच्या चरित्राविषयी. सांगवी हे नेमाड्यांचेही गाव, पुण्यातले महाविद्यालयीन शिक्षणही दोघांच्या वाट्याला आलेले, त्यामुळे मुले मोबाइलवर शोधून ‘हे आत्मचरित्रच आहे’ असे सांगत येतील. त्यांना एवढेच दाखवून द्या की पांडुरंग शिक्षण तडीस न नेता गावी परततो, तर लेखकाने फर्ग्युसनमधून पदवी घेऊन पुढे भाषाशास्त्र आणि इंग्रजी या दोन्ही विषयांत एम.ए. केले. अनुभव जवळचा असला तरी हा बोलणारा माणूस घडवलेला आहे.

राहिला परीक्षेचा प्रश्न. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत ‘पांडुरंग सांगवीकरची व्यक्तिरेखा रेखाटा’ किंवा ‘अस्तित्ववादी कादंबरी म्हणून कोसलाचे मूल्यमापन करा’ असेच येणार, हे धरून चाला आणि त्यासाठी सत्राच्या अखेरीस दोन तास राखून उत्तर कसे लिहावे हे मोकळेपणाने शिकवा. आपल्या मुलांना गुण मिळायला हवेत, त्यात कमीपणा काही नाही. पण अंतर्गत मूल्यमापन तुमच्या हाती आहे. तेथे प्रश्न असा द्या : पुस्तकातले कोणतेही एक पान निवडा, त्याचा क्रमांक लिहा, आणि त्या पानावर निवेदक कोणाशी बोलतो आहे, काय सांगतो आहे आणि काय टाळतो आहे ते दोन पानांत लिहा. प्रत्येकाचे पान वेगळे असावे एवढी अट घाला. याचे उत्तर कोणत्याही पीडीएफमध्ये सापडत नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या व्यक्तीला विभागात वेगळा सूर लावणे किती अवघड जाते याची मला कल्पना आहे, म्हणून सत्र सुरू असतानाच सहकाऱ्यांना या योजनेविषयी सांगून ठेवा आणि शेवटी त्यांतली चार-पाच चांगली उत्तरे त्यांना वाचायला द्या. ज्या विद्यार्थ्याने तो पैशांचा प्रश्न विचारला, त्याने कोणते पान निवडले आणि काय लिहिले, हे सत्र संपल्यावर मला जरूर कळवा.

आपला,
सदरलेखक